वाकडी तासं

बार्शीटाकळीकडे माणसाची पारख त्याच्या तासांवरून करतात. तास म्हणजे पेरणीची ओळ; ती धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, या बांधापासून त्या बांधापर्यंत, सुतासारखी सरळ गेली पाहिजे. मग ती उतारावरून थेट खाली का जाईना आणि तिच्यातून वावरातली माती नाल्याला का मिळेना! वाकडं पेरणाऱ्याला लोक पोळ्यापर्यंत चिडवतात.

मी तहरीम, शेख नबींची मुलगी. अकोल्याच्या कॉलेजात हेच शिकत होते: माती कशी थांबवायची, पाणी कसं मुरवायचं. पुढे धारणीकडे पाणलोटाच्या कामावर जायचं मनात होतं. साजिदचाचांना हे ऐकूनच ठसका लागायचा.

"भाईजान, वावरं इकून लोक पयून राहिले, पेपरातल्या शेतकऱ्यायच्या फाशीच्या बातम्या वाचवत नाई, आन हे पोरगी मातीचं शिकून राहिली," ते अब्बांना म्हणाले. "बस झालं कॉलेज. निकाह लावून टाका."

"आपलं उताराचं वावर मी आडवं पेरून दाखवतो," मी म्हणाले.

"पावसानं एक जरी तास फुटलं, तं कॉलेज बंद!" चाचांनी अट घातली.

अब्बा गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला चाचांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला.

गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. एक टोक मी धरलं, दुसरं अम्मीनं. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर दिसलं की तिथे चुन्याची फक्की टाकायची. उताराला आडव्या रेघा वळणं घेत वावरभर गेल्या. वरच्या अंगाला चाचांचं वावर होतं, सरळ उताराच्या तासांचं.

लोकांची वावरं तिफणीनं पेरून देणारे देवमनकाका रेघा पाहून मागे सरले. "मी नाई पेरत बापा. असं वाकडं माह्या नावावर लागलं तं मले कोन बलावन?"

"मंग सरा," म्हटलं आणि तिफण मीच धरली. आमच्याकडे बाया मागून सरत्याच्या नळीतून तूर सोडतात, तिफणीनं सोयाबीन पेरणं गड्यांचं. धुऱ्यावर जमलेले दात काढू लागले. काढा म्हटलं, दातच आहेत तुमच्याकडे! अम्मी तूर सोडत मागून येत होती. दुसऱ्या वळणावर बैल अडले, तेव्हा अब्बा आले आणि त्यांनी पुढून बैल धरले.

सोयाबीन वीतभर झालं आणि एका दुपारी आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. उघडल्यावर सगळे वावरात धावलो. तासातासांत पाणी थांबलं होतं. फक्त खालच्या कोपऱ्यात एक तास फुटून घळ पडली होती. मला लगेच कळलं. तिथे आखताना नळीत हवेचा बुडबुडा राहून रेघ चुकली असणार, आणि घाईत मी तो पाहिला नव्हता.

"फुटलं!" चाचा ओरडले. "आता कॉलेज बंद. शब्द पाय."

"फुटलं. चूक माहीच हाये," मी म्हणाले. "चुकतो म्हनूनच तं शिकायले जातो. उद्या सकायच्या गाडीनं अकोल्याले जाऊन राहिली मी. कोनाले अडवाचं असन, त्यानं अडवावं."

चाचांनी अब्बांकडे पाहिलं. अब्बा वर चाचांच्या धुऱ्यालगत गेले, वाकले आणि पहिल्या तासात साचलेला गाळ त्यांनी ओंजळीत घेतला.

"साजिद, हे तुह्या वावरची माती हाये. माह्या पोरीनं अडवली. पायजे असन तं टोपलं घेऊन ये."

अम्मी तोवर माझी बॅग भरायला घराकडे निघाली होती.