वाळूताई

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. साल पक्कं लक्षात राहायचं कारण असं, की त्याच वर्षी मास्तरांनी दुकानाच्या पाटीवर ‘मोटारीच्या गाद्या’ या शब्दांखाली ‘आरामाची हमी’ असं लाल रंगात लिहून घेतलं, आणि त्याच वर्षी ते पुसूनही टाकलं.

मास्तर गाड्यांच्या सीटा शिवत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी मशीन, भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या, मागे छतापर्यंत फोमचे ताव. टॅक्सीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या बुडाखाली मास्तरांचं काम होतं. त्यांचा नियम एकच. सीट शिवून झाली की तिच्यावर स्वतः बसायचं, डोळे मिटायचे आणि मनात पन्नासपर्यंत आकडे मोजायचे. पन्नासच्या आत अवघडल्यासारखं झालं, तर गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी टाके उसवायचे. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, मागे बसून बटणं मढवायची आणि म्हणायची, “यांना झोप लागली की सीट पास.”

त्यांची लेक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती आणि जावईही तिथेच, पण दुसऱ्या पाळीत. त्यामुळे नवराबायकोची गाठ बहुतेक टेलिफोनवरच पडायची. त्यांची मुलगी अडीच वर्षांची. एका जागी क्षणभर टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी दिवसभर बाईंच्या पाळणाघरात असायची.

या बाई पूर्वी एका मोठ्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. पंधरा वर्षं तिथे काढून एके दिवशी त्या नोकरी सोडून आल्या आणि त्यांनी पाळणाघर काढलं. का सोडली, हे कुणी विचारलं नाही, कारण बाईंना कुणी काही विचारत नसे. त्या बोलायच्या थोडं आणि ते लेखी दिल्यासारखं.

त्या वर्षी बाईंनी मुलांना घरून आणायला-सोडायला एक व्हॅन घेतली. शेजारच्या गावातलं एक पाळणाघर बंद पडलं होतं, तिथून गाडीत बसवायच्या लहान मुलांच्या सहा खुर्च्याही आणल्या. टणक प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पातळ कापड, खांद्यावरून दोन पट्टे आणि पोटाशी एक बक्कल. कापड विरलं होतं. बाईंनी खुर्च्या मास्तरांकडे पाठवल्या आणि सोबत चिठ्ठी दिली : “कापड फाटलंय. तेवढं बदलावं.”

‘तेवढं’ हा शब्द मास्तरांनी वाचलाच नाही. त्यांनी खुर्चीत मूठ दाबली. मूठ दबली नाही.

“ही खुर्ची आहे होय,” ते काकूंना म्हणाले. “ही तर बादली.”

त्यातल्या एका बादलीत पंधरा दिवसांनी आपली नात बसणार, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. चाळीस वर्षं परक्यांना मऊ बसवलं, आणि घरच्या पोरीनं प्लास्टिकवर आदळत जायचं. ते नऊ दिवस दुसरं काम घेऊन बसले नाहीत. प्रत्येक खुर्चीला पाठीमागे आणि खाली चार बोटं जाडीचा फोम, त्यावर जांभळी मखमल, कडेनं पिवळं पायपिंग, मध्ये काकूंनी मढवलेली बटणं. गादी जाड झाल्यावर पट्टे पुरेनात, तेव्हा मास्तरांनी ते शेवटच्या टोकापर्यंत सैल करून दिले. स्वतः बसून बघता येईना, कारण मास्तर त्यात मावत नव्हते. म्हणून त्यांनी भिंगरीला बसवलं आणि आकडे मोजायला घेतले. तिसाव्या आकड्याला भिंगरी झोपली. गल्लीतले लोक येऊन बघून गेले. मास्तरांनी पेंटरला बोलावलं तो त्याच दिवशी.

शुक्रवारी बाई भिंगरीला सोबत घेऊन दुकानात आल्या. त्यांनी गादीवरून हात फिरवला. भिंगरीला खुर्चीत बसवलं, बक्कल लावलं, पट्टे ओढले आणि मग बाजूनं गादी तळहातानं दाबली. हात आत गेला. खांद्यावरचा पट्टा त्यांनी चिमटीत धरून पाहिला. चिमटीत पट्ट्याची चांगली मोठी चुणी आली.

“काम सुंदर आहे, मास्तर,” बाई म्हणाल्या. “काढून टाका.”

“काय काढू?”

“गादी.”

मास्तरांना वाटलं, बाई रंगाबद्दल बोलताहेत. रंगाबद्दल नाही हे कळल्यावर ते म्हणाले, की चाळीस वर्षांत त्यांच्या सीटवर बसून कुणाची तक्रार आलेली नाही.

“बसून येणारच नाही,” बाई म्हणाल्या. “मी गाडी अचानक थांबते तेव्हाचं बोलतेय. गादी दबते. ती दबली की पट्टा सैल. मूल बाहेर.” आणि त्या निघून गेल्या. जाताना भिंगरीच्या नाकाला बोट लावून गेल्या, म्हणजे राग नव्हता.

राग मास्तरांना होता. त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही. संध्याकाळी लेक भिंगरीला न्यायला आली, तेव्हा त्यांनी तिला सगळी हकीकत सांगितली. त्यात बाईंचा आवाज काढूनही दाखवला. लेक दिवसभर लोकांचे नंबर जोडून देणारी. दोन्ही बाजू ऐकायची तिला सवय होती. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली,

“बाबा, मला एवढंच सांगा. तिला त्यात बसवू का? तुम्ही सांगाल तसं करते.”

मास्तर ‘हो’ म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. “रविवारी सांगतो,” असं ते म्हणाले, आणि आपण असं का म्हणालो हे त्यांनाच कळलं नाही.

शनिवारी सकाळी ते पाळणाघराच्या काट्यावर भिंगरीचं वजन करून आले. बारा किलो. मग पोत्यात बारा किलो वाळू भरायला घेतली. नुसतं पोतं खुर्चीत ठेवलं असतं तरी काम भागलं असतं, पण मास्तरांचा हात नुसतं पोतं शिवायला वळेना. त्यांनी त्याला मान दिली. मान दिली म्हणून खांदे आले. गुडघ्याशी घडी पडावी म्हणून आडवी शिवण घातली. काकूंनी डोळ्यांच्या जागी दोन बटणं लावली, आणि उघडं बरं दिसत नाही म्हणून भिंगरीचा जुना फ्रॉक चढवला. दुपारपर्यंत मशीनशेजारी बारा किलोची एक गंभीर मुलगी बसलेली होती. गिऱ्हाइकं तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागली.

व्हॅनचा ड्रायव्हर म्हणजे हळूकाका. हे नाव मुलांनी ठेवलं होतं आणि ते योग्य होतं. सायकलवाले त्यांना मागे टाकताना हात करत. पुढे बसणाऱ्यानं पट्टा बांधल्याशिवाय ते किल्ली फिरवत नसत. गोदामामागच्या मोकळ्या मैदानात तीसच्या वेगानं जायचं आणि एकदम ब्रेक दाबायचा, हे मास्तरांनी सांगितल्यावर त्यांचा चेहराच पडला.

“पुढे काही नसताना ब्रेक कशाला मारू?”

“काहीतरी आहे असं समजा.”

“काय आहे?”

“म्हैस,” काकू म्हणाल्या. त्याही आल्या होत्या.

हळूकाकांनी विचार केला. “म्हैस असली तर मी आधीच थांबतो,” ते म्हणाले.

शेवटी म्हैस एकदम भिंतीआडून येते असं ठरलं. वाळूची मुलगी मधल्या रांगेत जांभळ्या मखमलीवर बसवली. बक्कल मास्तरांनी स्वतः लावलं, पट्टे स्वतः ओढले. गाडी निघाली, तीसवर गेली, आणि बावीस वर्षांच्या ड्रायव्हरीत हळूकाकांनी पहिल्यांदा ब्रेकवर उभं राहून पाय दिला.

वाळूची मुलगी पुढच्या दोन सीटांच्या मधे आली. गिअरच्या दांड्याशी तोंड, फ्रॉक डोक्यावर. मागे खुर्चीतलं बक्कल तसंच बंद होतं. पट्टे तसेच होते. गादीवर एक सुरकुतीसुद्धा नव्हती.

मास्तरांनी तिला उचललं, फ्रॉक खाली ओढला, गुडघ्याची वाळू झटकली आणि परत बसवलं. या वेळी पट्टा इतका ओढला की मखमलीत खड्डा पडला. दुसऱ्यांदा ती पूर्ण बाहेर आली नाही. निम्मी आली आणि पट्टा मानेत अडकला. मास्तरांनी ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“ब्रेक जरा जास्तच लागला,” ते म्हणाले. हळूकाका खिडकीबाहेर बघत राहिले.

परतताना काकू पुढे बसल्या आणि त्यांनी वाळूची मुलगी मांडीवर घेतली. दोन्ही हातांचा विळखा घातला. “तुमच्या त्या खुर्चीला साधं मूल धरता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तीन पोरं मी अशीच मांडीवर बसवून गावोगाव नेली. कुठे पट्टे होते आणि कुठे काय.” मास्तर मागे बसले होते. त्यांना ते पटलं. मांडी म्हणजे त्यांच्या धंद्यातली सगळ्यात जुनी सीट.

दोनदा जोरात ब्रेक मारल्यानं हळूकाकांना काय झालं होतं कोण जाणे, पण ते चाळीसच्या वेगानं चालले होते. गोदामाच्या कोपऱ्यावर शेळी आली. खरी शेळी. या खेपेला त्यांना काही आहे असं समजावं लागलं नाही.

गाडी थांबली. शेळी गेली. काकू पट्ट्यामुळे जागच्या जागी होत्या, हात अजून तसेच विळखा घातलेले, आणि विळख्यात कुणी नव्हतं. वाळूची मुलगी समोरच्या फळीवर आपटून त्यांच्या पायाशी पडली होती. एक बटण तुटलं होतं.

“मी घट्ट धरलं होतं,” काकू म्हणाल्या.

“हो,” मास्तर म्हणाले. “मी बघत होतो.”

दुकान येईपर्यंत काकू आपल्या हातांकडे बघत होत्या. उतरायच्या आधी त्या म्हणाल्या, “अहो, आपली लेक सहा महिन्यांची होती, तेव्हा त्या ट्रकमधून घाटातून आणली. आठवतं? मला इतकी वर्षं वाटायचं, मी तिला धरलं होतं. मी धरलं नव्हतं. वाटेत काही झालं नाही, एवढंच.”

मास्तरांनी दुकान उघडलं, सहाही खुर्च्या पुढ्यात ओढल्या आणि टाके काढायला घेतले. शिवायला नऊ दिवस लागले होते. उसवायला एक संध्याकाळ पुरली. काकूंनी वाळूच्या मुलीचं तुटलेलं बटण परत लावलं आणि मग गाद्यांवरची एकेक करून डब्यात टाकली. प्लास्टिकवर पूर्वी होतं तसं, तेवढंच पातळ कापड चढलं. पायपिंग मास्तरांनी राहू दिलं नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं तेवढंच त्यांनी केलं.

रविवारी सकाळी पुन्हा मैदान, पुन्हा तीस, पुन्हा भिंतीआडची म्हैस. वाळूची मुलगी जागची हलली नाही. दोन बटणांनी समोर बघत बसून होती, सीट तपासणाऱ्या मास्तरांसारखी, फक्त डोळे उघडे. हळूकाकांना ते इतकं आवडलं की न सांगता त्यांनी आणखी दोनदा ब्रेक मारला.

मास्तर खुर्च्या घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी वाळूच्या मुलीला बसवलं, खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायला गेल्या. चिमूट रिकामी राहिली.

“तुम्हाला कसं ठाऊक होतं?” मास्तरांनी विचारलं. बाईंना कुणी काही विचारत नसे, ते त्यांनी विचारलं.

“वॉर्डात,” बाई म्हणाल्या. एवढंच. मास्तरांनी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी लेक आली. भिंगरी तिच्या पदराआड लपून वाळूच्या मुलीकडे बघत होती.

“काढल्या गाद्या,” मास्तर म्हणाले. “आता बसव.”

“टोचेल का तिला?”

“टोचेल,” मास्तर म्हणाले. “बसव.”

पुढे पाटीवरची ती लाल ओळ पुसली गेली. तिथे दुसरं काही लिहिलं नाही. मास्तर आणखी चौदा वर्षं सीटा शिवत राहिले. पन्नास आकडे मोजून झाले की ते गाडीतला पट्टा ओढून पाहायचे आणि सैल वाटला तर गिऱ्हाइकाला न विचारता दुरुस्त करायचे. गेले तेही दुकानातच, एका डॉक्टरांच्या सीटवर डोळे मिटून बसलेले असताना. काकू म्हणाल्या, सीट पास.

काकूंनी नंतर कधी गाडीत कुणाचं मूल मांडीवर घेतलं नाही. कुणी आग्रहानं दिलंच तर त्या खाली उतरून उभ्या राहायच्या आणि मुलाची नीट सोय होईपर्यंत गाडी अडवून धरायच्या. लोक चिडायचे. त्या ऐकून घ्यायच्या.

हळूकाका निवृत्त होईपर्यंत व्हॅन चालवत होते. ते पुन्हा सायकलवाल्यांच्या मागे गेले, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मैदानात जाऊन ब्रेक तपासायचे. ही तपासणी बाईंनी सांगितली होती की त्यांनीच काढली, हे नीट कळलं नाही. बाईंनी पाळणाघर दोन हजार एकपर्यंत चालवलं. त्यांच्या व्हॅनमधलं एकही मूल कधी पट्ट्याबाहेर आलं नाही. मुलं सोडवून घ्यायला रडायची, तो भाग वेगळा. लेक एक्स्चेंजची सुपरवायझर झाली, जावयाची पाळी बदलली, आणि मग दोघांत भांडणं सुरू झाली. ती अजून चालू आहेत.

जांभळ्या गाद्या पाळणाघरात दुपारच्या झोपेसाठी गेल्या. त्यांच्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. त्यावर पडलेलं मूल तिसाच्या आत झोपायचं, हे बाईंनीही कबूल केलं.

वाळूच्या मुलीला मुलांनी वाळूताई नाव ठेवलं आणि तिचं नाव हजेरीपटात सगळ्यात शेवटी चढलं. एकाही दिवशी ती गैरहजर नव्हती. पाळणाघर बंद झालं तेव्हा भिंगरी तिला घरी घेऊन आली. भिंगरीला आता स्वतःची दोन आहेत. दोघं मागच्या सीटवर, आपापल्या खुर्चीत, आणि निघण्याआधी ती प्रत्येकाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघते. पोरं म्हणतात, आई, टोचतंय. ती म्हणते, टोचू दे.

वाळूताई मधे बसते, पट्टा लावून. तिचा फ्रॉक आता सहावा आहे. वाळू बरीचशी तीच आहे.