हिरव्या खुणा

स्क्रीनवर सगळ्या टेस्टपुढे हिरव्या खुणा होत्या, आणि तरीही जास्मीननं नमुना म्हणून स्वतः टाइप करून पाहिलेला चाळीस टनांचा कंटेनर सॉफ्टवेअरनं ‘उचला’ म्हणून सोडला होता. क्रेनची मर्यादा तीस टन.

तिनं पुन्हा टाकून पाहिलं. पुन्हा ‘उचला’.

पनवेलच्या या कंपनीत ती टेस्टर होती. उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डाचं सॉफ्टवेअर इथं बनत असे. प्रत्येकानं तीच ती तपासणी नव्यानं लिहीत बसू नये, म्हणून तिनं जावास्क्रिप्टमध्ये छोट्या छोट्या मदतनीस फंक्शनांची लायब्ररी रचली होती. वजन तपासायचंय? एका ओळीत तिचं फंक्शन बोलवायचं, की झालं. सगळी टीम ते डोळे मिटून वापरायची.

तिनं ते फंक्शन उघडलं. तिच्या कोडभोवती कुणीतरी दोन-चार ओळी गुंडाळल्या होत्या. चूक सापडली, तर गिळून टाकायची आणि ‘पास’ सांगायचं. आठवड्यापूर्वी हा बदल करणाऱ्याचं नाव होतं मितेश. त्यांचा टीम लीडर.

आपल्या डब्यात कुणी थुंकून वर झाकण नीट लावून ठेवावं, तशी तिला किळस आली.

मितेश वेफर्स खात बसला होता.

“सर, माझं फंक्शन तुम्ही बदललंत?”

“अगं, डेडलाइन होती. टेस्ट फेल होत होत्या. क्लायंटला हिरवं बघायचं असतं.” त्यानं बोटं चाटली. “पुढच्या रिलीजला करू ना फिक्स.”

“हे यार्डात चालू आहे, सर. क्रेनखाली माणसं असतात.”

“ड्रामा नको, यार. घे, वेफर्स घे.”

पुढे केलेल्या त्या तेलकट पुडीकडे तिनं एकदा पाहिलं आणि जिन्यात येऊन यार्डाच्या सुपरवायझरला, काशीरामना, फोन लावला. वजनाची तपासणी आठवडाभर खोटी आहे, क्रेन थांबवा, असं तिनं सरळ सांगितलं.

पलीकडे यंत्रांची घरघर चालूच होती.

“मंग आमी आठवडाभर कशाच्या भरवशावर उचलतोय, म्याडम?”

“बदल मी केला नव्हता, काका...”

“रिपोर्टवर नाव तं तुमचंच हाय.”

आठवडाभर तिनंही हिरवं पाहूनच रिपोर्ट पाठवले होते. आता किळस फक्त मितेशची उरली नाही.

काचेचं दार सरकवून मितेश जिन्यात आला. तिचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. “क्लायंटला डायरेक्ट फोन? तुझा अ‍ॅक्सेस बंद करतोय. एचआरला भेट आणि घरी जा.”

“करा,” ती म्हणाली.

काशीरामनी फोन ठेवला नव्हता. लांबून त्यांचा आवाज येत होता, “ए, बाजूला व्हा रं! बंद कर आधी! खाली कोन हाय का बघा!”

घरघर मंदावत गेली, थांबली. मग नुसता वारा, आणि एकेकाला नावानं हाका. एकेक ओ येत होती. जिन्याच्या पायरीवर बसून जास्मीन ती ऐकत राहिली.