सरावाचं बाळ

मित्रांनो, बाहुली म्हटलं की तुम्हाला भातुकली आठवेल. माझ्याशी तसं कुणी कधी खेळलं नाही. मी एक जुनी रबरी बाहुली आहे, नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढी. मलावीच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या सुईणींच्या कॉलेजात माझा सारा जन्म गेला. तोंडावर मास्क नीट बसवून त्याला जोडलेला रबरी फुगा दाबला की माझी छाती वर येते. जन्मल्याबरोबर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे मुली माझ्यावर शिकत.

मला कुठल्या दूरच्या कारखान्यात साच्यात ओतलं, कोण जाणे. मला आठवतं ते इथलं लांब टेबल आणि अमायी म्सिस्का. मुली आपल्या बाईंना अमायी म्हणत, म्हणजे आई. त्यांचा आवाज खणखणीत.

"अगं, बाळाला मास्क लावतेयस की न्सिमाच्या पातेल्यावर झाकण टाकतेयस?"

वर्ग हसायचा; न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, इथलं रोजचं जेवण. मग अमायी त्या मुलीच्या हातावर आपला हात ठेवायच्या, तिची बोटं माझ्या हनुवटीखाली सरकवायच्या. "हां, आता दाब. कळलं ना, हवा कुठून निसटत होती?" माझी छाती वर आली की आधी त्या मुलीचाच जीव भांड्यात पडायचा. ते माझे सुखाचे दिवस.

तोवेरा गोंडवे ही कोळ्याची पोर त्या वर्गात नवीन आली. माझ्यावर सराव करायचा तिचा नंबर यायच्या आधीच कॉलऱ्याची साथ पसरली. वसतिगृह रिकामं झालं आणि धडे फोनवर सुरू झाले. रिकाम्या खोलीत अमायी मला कॅमेऱ्यापुढे धरून शिकवू लागल्या.

"दिसतंय का गं सगळ्यांना?"

"अमायी, तुम्ही मध्येच थिजलात!"

"मी कशाला थिजू? तुझं नेटवर्क थिजलं असेल!"

साथ ओसरली, तरी मुली परतल्या नाहीत. फोनवर दुप्पट मुली शिकवता येतात, हे प्राचार्यांना पटलं होतं. अमायी भांडायला निघाल्या होत्या, पण तोवेराच फोनवर म्हणाली, "अमायी, वर्ग भरायला लागले तर मला शिक्षण सोडावं लागेल. बाबा अंथरुणाला खिळलेत. इथे मासे वाळत घालता घालता तुमचं ऐकते तरी."

अमायी प्राचार्यांकडे गेल्याच नाहीत. त्यात खोटं काय होतं?

हातांचा सराव पुढे इस्पितळात होईल, असं ठरलं. तिथे शिकाऊ मुलींची एवढी गर्दी, की तोवेराला इतरांच्या खांद्यावरून जेवढं दिसलं तेवढंच. फोनवरचे माझे धडे संपल्यावर मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली माझं रबर चिकट झालं आणि मानेशी फाटलं. तोवेरा परीक्षेत पहिली आल्याचं मी कपाटातूनच ऐकलं.

एका दुपारी कुलूप निघालं. समोर तोवेरा होती, सुईणीच्या पांढऱ्या कपड्यांत.

"अमायी, ती बाहुली द्या मला."

"काय झालं, पोरी?"

"बाळ रडलंच नाही, अमायी. मला सगळं पाठ होतं. मान किती मागे घ्यायची, फुगा कसा दाबायचा, सगळं. मनात तुमचाच आवाज चालू होता. पण छाती वर येईना. हवा कुठून जातेय ते माझ्या हातांना कळेना. आणि त्याची आई विचारत होती, का रडत नाही? का रडत नाही?"

"दुसरं कुणीच नव्हतं?"

"माझी नेमणूक आहे त्या आरोग्य केंद्रावर मी एकटीच सुईण असते."

अमायींनी तिच्या हातावर हात ठेवला आणि बोटं माझ्या हनुवटीखाली सरकवली. मग हात काढून घेतला. मी कितीतरी हात ओळखते, मित्रांनो. मास्क अगदी जसा बसायला हवा तसा बसला होता. तोवेराने फुगा दाबला. सगळी हवा माझ्या फाटक्या मानेतून निघून गेली. तिने पुन्हा दाबला.

"बघा. नाहीच येत मला."

"तुझं बरोबर आहे गं! बाहुलीच फाटलीय, ही बघ!"

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय," तोवेरा न बघताच म्हणाली. तिने मला हळूच खाली ठेवलं आणि ती गेली.

ती केंद्रावर परतली नाही. अमायी तिच्या घरी जाऊन आल्या. ती बापाजवळ असते, मासे वाळवते आणि त्या विषयावर बोलत नाही.

मित्रांनो, मी फोनला दोष देत नाही. तो नसता तर तोवेरा शिकलीच नसती. पण काही विद्या अशा असतात, की त्या एका हातातून दुसऱ्या हातातच जातात. तुमच्या कॉलेजातही असं एखादं कुलूपबंद कपाट असेल. आत काय सडतंय ते विचारा, आणि उघडेपर्यंत दारातून हलू नका. माझं ऐकून कुणी तसं करेल अशी आशा मला उरलेली नाही. त्या केंद्रावर अजून दुसरी सुईण आलेली नाही. दिवस भरलेल्या बायका मात्र येतच राहतात आणि बंद दाराशी बसून वाट बघतात.