चार सिउच्या शोधात सिट मामा

पून उस्तादांनी दुकान बंद केलं त्या दिवशी माझे सिट मामा जेवले नाहीत. म्हणजे भात, वाफवलेला मासा, सूप आणि वर दोन संत्री एवढं घेतलं. पण त्याला ते जेवण म्हणत नाहीत.

शाम शुई पोच्या आमच्या गल्लीत उस्तादांची भट्टी होती. काचेमागे आकड्यांना भाजलेले हंस टांगलेले, आणि त्यांच्या शेजारी चार सिउच्या पट्ट्या, डुकराच्या मांसाच्या, लालभडक, मधानं चकाकणाऱ्या. मामांचं दुपारचं पान तिथेच. मग उस्तादांचा खांदा धरला, डॉक्टरांनी सुरा खाली ठेवायला सांगितला आणि फुंग-यी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना घरी बसवलं. उस्ताद रोज सकाळी बागेत ताई ची हा संथ व्यायाम करायला जाऊन थेट संध्याकाळी घरी येऊ लागले. मामांवर मात्र आभाळ कोसळलं.

"किउ, एवढ्या मोठ्या हाँगकाँगात एक धड चार सिउ मिळू नये?" ते मला म्हणाले. "आपण शोधू."

आपण म्हणजे मी. माझ्या केशकर्तनालयाला मंगळवारी सुट्टी असते, हे त्यांना ठाऊक होतं.

मामा घरून डब्यात भात घेऊन निघायचे. परक्या भातावर मांसाची पारख होत नाही, असं त्यांचं मत. वान चाय भागातल्या एका दुकानात त्यांनी पहिला घास घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे चार सिउ आहे की चपलेचा पट्टा?" तिथून आम्हाला डब्यासकट बाहेर काढलं. काऊलून सिटीत मालकच गल्ल्यावरून उठून आला.

"आजोबा, एवढं वाईट होतं तर ताट चाटूनपुसून रिकामं कसं?"

"पुरावा गोळा करत होतो!" मामा म्हणाले.

मी त्या भागात अजून मान खाली घालून जाते.

थोड्याच दिवसांत फुंग-यी वहिनी आमच्या दारात हजर. "भावजी, मलाही न्या. ह्यांनी घरी सुऱ्याला हात लावणार नाही म्हणून शपथ घेतलीये. जन्मभर ह्यांच्या हातचं खाल्लं, आता दुसऱ्याचं घशाखाली उतरत नाही."

मला वाटलं, बाईमाणूस बरोबर असलं की मामा जरा सांभाळून बोलतील. कसलं काय! वहिनी त्यांच्या वरताण निघाल्या. साय कुंगला त्यांनी हंसाची तंगडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हा दुःखात मेलाय."

"घरगुती कटकट असणार," मामांनी दुजोरा दिला.

असं शहर पालथं घालून झालं. मग एके दिवशी माझ्या खुर्चीत केसांना रंग लावून बसलेलं एक गिऱ्हाईक सांगायला लागलं की शांग शुईच्या बाजाराशेजारी एका दुकानात नवा कारागीर आलाय, लोक वेड्यासारखे रांगा लावतायत. मी सहज मामांच्या कानावर घातलं. मंगळवार उजाडायच्या आत त्यांचा डबा भरून तयार होता.

गाडीनं शांग शुईला पोचलो. रांग खरंच कोपऱ्यापर्यंत गेली होती. शेवटी ताट आलं. मामांनी आपला भात काढला, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. बराच वेळ हालचालच नाही. मी घाबरले.

"मामा, काही अडकलं का? पाणी देऊ?"

त्यांनी हात वर केला. "बोलू नकोस. मी आत्ता इथे नाहीये."

वहिनींनी एक घास घेतला. चेहरा खुलला. दुसरा घेतला आणि चेहरा मिटला. काड्या हळूच खाली ठेवून त्या म्हणाल्या, "भावजी, हे आमच्या ह्यांच्या हातचं आहे."

"काहीतरीच काय वहिनी! उस्ताद तर बागेत ताई ची करतायत."

तिघांनी एकदमच वळून पाहिलं. काचेमागे, टांगलेल्या हंसांच्या मधून एक माणूस दिसत होता. तोंडावर मास्क, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हातात सुरा. वहिनी उठून थेट काचेशी गेल्या. सुरा थांबला. माणूस सरकून सगळ्यात मोठ्या हंसामागे लपला. हंस मोठा होता. पण पून उस्ताद त्याहून बरेच मोठे होते.

"चार सिउचा एक पुडा बांधा," वहिनी म्हणाल्या.

"संपलं," हंसामागून पिपाणीसारखा आवाज आला.

"समोर तर टांगलंय."

"ते... शोभेचं आहे."

"आणि हंस?"

"तोही शोभेचाच."

"अहो बाई, घ्या नाहीतर सरका!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी आता स्फोट होणार म्हणून पिशवी छातीशी धरली. पण वहिनी "बरं" म्हणाल्या, परत आल्या आणि ताटातलं सगळं निवांतपणे संपवलं.

"वहिनी, बोलला नाहीत काही?" मामांनी विचारलं.

"भर बाजारात नवऱ्याला बोलायचं? मग घर कशासाठी आहे?" वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी चहाला या दोघं."

मामा नाटकाला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात उस्ताद आले. केस ओले, अंगाला साबणाचा भपका. आम्हाला पाहून त्यांचा पाय उंबऱ्यातच अडखळला.

"कशी झाली ताई ची?" वहिनींनी गोड आवाजात विचारलं.

"उत्तम."

"नवीन काही शिकवलं?"

"हो... बरंच."

"मग दाखवा ना. भावजी मुद्दाम आलेत."

उस्तादांनी घाम पुसला. मधलं टेबल सरकवून उभे राहिले. दोन्ही हात सावकाश वर नेले आणि आकड्यावरून काहीतरी अलगद उतरवलं. खाली ठेवलं. पवित्रा बदलला. उजवा हात वर गेला आणि खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"ह्याला काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"पांढरा बगळा पाण्यात उतरतो."

"आणि हे पुढचं?"

उस्तादांचा हात थांबेचना. "बगळ्याचे... तुकडे होतात."

मामांना राहवलं नाही. "उस्ताद, तिसरा घाव जरा तिरका पडला."

"तिरका कुठे? मांडीचं हाड तिथेच तर..."

उस्तादांनी जीभ चावली. उस्ताद मटकन खुर्चीत बसले.

"फुंग-यी, घरात बसून गंज चढत होता गं मला. खांदा काय, टीव्ही बघतानाही दुखतो."

"तुम्ही सुरा धरलात म्हणून मी चिडलेच नाहीये!" वहिनींचा आवाज आता चढला. "मी इकडे शहरभर लोकांचं चामडं चघळत हिंडतेय, आणि तुम्ही रोज साबण लावून रिकाम्या हातानं घरी! बायकोसाठी एक पट्टी आणवली नाही?"

"आणली असती तर वास आला असता."

ह्यावर वहिनींना हसू आलं. आधी ओठातल्या ओठात आणि मग इतकं की चहा नाकात गेला. मामांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, आणि उस्ताद भीत भीत हसू लागले.

शेवटी ठरलं की उस्तादांनी फक्त मसाला आणि भट्टी सांभाळायची. तोडायचं काम दुकानमालकानं करायचं. हे नीट पाळलं जातंय का ते बघायला वहिनी शांग शुईला जाऊ लागल्या. पाहता पाहता रांग सांभाळू लागल्या, आणि आता मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय चहाला जात नाही.

गेल्या मंगळवारी मामा रांगेला वळसा घालून, ओळखीचं हसू तोंडावर आणून थेट काचेशी गेले.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "रांग तिकडे आहे."

"अहो वहिनी, मी!"

"दिसतंय मला. म्हणूनच सांगतेय."

मामा निमूट मागे गेले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तेव्हा ते पुढच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "इथली बाई फार खडूस आहे हो. पण काय करणार? अख्ख्या शहरात दुसरीकडे खाण्यासारखं काही नाही. मी स्वतः तपासलंय."