हॉर्न दिला होता

"हॉर्न दिला होता." हे तीन शब्द ऐकले की मला शिसारी येते. सायकलवाला गटारात गेला, हॉर्न दिला होता. म्हातारी हातातल्या पिशवीसकट आडवी झाली, हॉर्न दिला होता. जसं काय एकदा हॉर्न दाबला की रस्ता यांच्या बापाचा, समोरच्यानं धोतर सावरत पळायचं. चार वर्षं मी मालाडच्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये मास्तर होतो. आधी मिलचा टेम्पो चालवायचो. संपात मिल गेली, तेव्हा आमच्या गावच्या अंबादासने मला आपल्या शाळेत घेतलं. त्यामुळे हे वाक्य मी रोज ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, शिकवलंयसुद्धा.

शहाऐंशी सालच्या डिसेंबरात वैद्य साहेब आले. नंदकिशोर वैद्य, कंपनीत ऑफिसर, दिंडोशीच्या कॉलनीत राहायला. आठ वर्षांपूर्वी नंबर लावलेली फियाट दाराशी येऊन उभी होती आणि साहेबांना क्लच कुठला ते माहीत नव्हतं. "मास्तर, फक्त हात साफ करून द्या. बाकी जजमेंट आहे माझ्याकडे," म्हणाले. जजमेंट म्हणे. पहिल्याच दिवशी त्यांनी भाजीवाल्याची टोपली जजमेंटने उडवली असती. ट्रेनिंगच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो म्हणून वाचली. गंमत बघा, गाडी दर वेळी मी थांबवायचो आणि साहेब रुमालाने कपाळ पुसत म्हणायचे, "बघितलंत, कसा थांबवला!" मी हसायचो. मला आता त्या हसण्याचीच जास्त किळस येते.

सकाळी त्यांना कॉलनीच्या गेटवर घ्यायला जायचो. गेट उघडायचा माझा थोरला भाऊ, धाकू. तीस वर्षं त्याने मिलमध्ये साच्यांवर काढली. साचे म्हणजे कापड विणायची यंत्रं. त्यांच्या खडखडाटात कान जायचेच, त्याचेही गेले. पण तिथं कोण कोणाला ऐकत होतं? सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. धाकूशी अजून तसंच बोलायला लागतं. तोंड त्याच्याकडे करा, मग आवाज काढा नाहीतर नका काढू, त्याला सगळं कळतं. संपानंतर कॉलनीत त्याला पंप चालवायचं, झाडांना पाणी घालायचं आणि गेट सांभाळायचं काम मिळालं, वर राहायला पंपामागची खोली. मी मास्तरच्या सीटवर बसलेला दिसलो की छाती फुगवून सलाम ठोकायचा. कॉलनीत सगळ्यांना सांगायचा, माझो भाव मास्तर आसा. वैद्य साहेबांनी त्याच्याकडे कधी मान वळवून बघितलं नाही. तो माझा भाऊ हेही त्यांना माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांचा कोर्स. सहा दिवस झाले आणि साहेब म्हणाले, वेळ नाही, हजेरीचं कार्ड भरून टाका. सातव्या दिवसापासून रिव्हर्स सुरू होतो. गाडी मागे घेताना आधी उतरून मागे बघायचं, मग मान वळवून, एकदम हळू. हे शिकवायला मला तीन दिवस लागतात. मी तसं बोललो, तर अंबादास म्हणाला, "सही कर रे सहदेव, तुझं काय जातंय? टेस्टचं एजंट बघेल." मी नऊ दिवसांच्या नऊ सह्या एका दमात ठोकल्या. साहेबांनी जाताजाता विचारलं, "मास्तर, तो रिव्हर्स?" आणि मी, हा शहाणा मास्तर, कार्डावरून मान वर न करता म्हणालो, "त्यात काय एवढं? हॉर्न देत मागे यायचं."

महिन्याभराने दुपारी शाळेत फोन आला. विमला, माझी वहिनी. "भावजी, ह्यांका गाडीन मारल्यान," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

हॉस्पिटलात पोचलो तर धाकू स्ट्रेचरवर. गुडघ्याखाली फळ्या बांधलेल्या. डॉक्टर म्हणाले, पाय राहील की नाही ते उद्या सांगतो. वहिनी पायथ्याशी उभी होती. बाजूला हवालदार कागद घेऊन, आणि त्याच्यासमोर इस्त्रीच्या शर्टात वैद्य साहेब.

"तो झाडाशी वाकला होता, पाइप घेऊन. मी रिव्हर्स घेत होतो. हॉर्न दिला होता मी, एकदा नाही, सारखा देत होतो," साहेब सांगत होते. "बहिरा माणूस गेटवर ठेवतात कसा? सोसायटीला मी विचारणारच आहे. उद्यापासून दुसरा बघा म्हणावं."

पायाचा चुरा झालेला माणूस दोन हातांच्या अंतरावर पडलाय आणि हा त्याची नोकरी आणि खोली काढायला निघालेला. तेवढ्यात साहेबांनी मला बघितलं आणि चेहरा उजळला. त्यांना वाटलं, त्यांच्याच मदतीला आलोय.

"बरं झालं आलात मास्तर. हवालदार, हे माझे मास्तर. पंधरा दिवस यांच्याकडे शिकलोय, कार्ड आहे. यांनीच सांगितलंय, हॉर्न देत मागे यायचं. सांगा ना मास्तर."

हवालदाराने पेन उचललं. "सांगितलं होतं तुम्ही?"

मी धाकूकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. साहेबांच्या ओठांकडे बघत होता. मग हळूहळू त्याची नजर माझ्यावर आली.

"ह्येका तू शिकवलंस?" त्याने विचारलं.

हवालदाराकडे वळून म्हणालो, "लिहा. सहदेव परब, मोटर मास्तर. ह्या माणसाला मी सहाच दिवस शिकवलं. रिव्हर्स शिकवलाच नाही. कार्डावरच्या नऊ सह्या खोट्या, त्या मीच केल्यात. हॉर्नचं वाक्यही माझंच. धाकू परबची काही चूक नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा."

"काय बोलताय मास्तर?" साहेब म्हणाले. "माझं लायसन जाईल ना."

"जाऊ दे की. शिकून मिळवलं होतं कुठे?"

हवालदाराने पेन थांबवलं. "नोकरी जाईल तुमची. केसही होईल."

"होऊ दे. लिहा तुम्ही."

त्याने लिहिलं. मी खाली सही केली. दहावी. मग स्ट्रेचरशी गेलो, धाकूच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि मिलमध्ये बोलायचो तसं, आवाज न काढता, एकेक शब्द सांगायला लागलो, की सगळं खरं सांगितलंय, तुझी खोली जायची नाही, मी चुकलो.

अर्ध्यावर धाकूने मान भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटून घेतले. वहिनी म्हणाली, "भावजी, बोला ना तेंच्याशी." तो बघत नसताना त्याच्याशी बोलायचं कसं, ते मला माहीत नाही.