डावी मूठ

“दार काऊन लावता, ताई? पोरगं उकडून जाईन ना!” धाकटी जाऊ दिव्यानी बाहेरून ओरडली.

रंजीतानं कडी लावलीच. आपल्या नैतिकच्या व्यायामाच्या वेळी दिव्यानीची उर्वशी समोर नको. नैतिकपेक्षा महिन्यानं लहान असून ती पालथी पडली, बसली, आता घरभर रांगत होती. आणि तिच्या प्रत्येक करामतीचा हिशेब रंजीताला तोंडपाठ होता. तिच्या गालाला काजळाचा टिळा लावताना रंजीताचं बोट जरा जोरातच टेकायचं.

नैतिक जन्मला तेव्हा रडला नव्हता. त्याची डावी मूठ मिटली ती मिटलेलीच. नागपूरच्या फिजिओथेरपिस्ट मयुरी मॅडम फोनवरून व्यायाम शिकवायच्या: वस्तू डावीकडे ठेवा, हातात देऊ नका, त्याला स्वतः हलू द्या. रंजीता चमकती वाटी ठेवून वाट बघायची, व्हिडिओ पाठवायची. पोरगं वाटीकडे बघायचं, बस्स.

आज मॅडमना त्याला फोनवर थेट बघायचं होतं, आणि आरमोरीपासून आतल्या त्या गावात व्हिडिओ कॉलपुरतं नेटवर्क फक्त ओसरीत; तिथं कडी नव्हती. फोन धानाच्या पोत्याला टेकवून रंजीतानं नैतिकला मांडीशी बसवलं. डावीकडे वाटी.

उर्वशी रांगत आली आणि वाटी उचलून चाटू लागली.

“उचल वो तुयी पोरगी!”

“लेकरूच हाये, ताई. वाटी थोडीच खाऊन टाकते!”

“कोणी हलू नका,” फोनमधून मॅडम म्हणाल्या.

नैतिक लालबुंद झाला होता. ओठ काढून तो उर्वशीकडे बघत होता. ती नजर रंजीताच्या चांगलीच ओळखीची होती. त्याचा खांदा हलला. हात थरथरत पुढं सरकला. मूठ सुटली, पुरती नाही; दोन बोटं वाटीच्या काठाला अडकली.

“माय वो! भांडून राह्यला ना हा!” दिव्यानी म्हणाली.

“त्या पोरीला रोज समोर बसवा,” मॅडम म्हणाल्या. “वाटी आधी तिला द्या.”

दुसऱ्या दिवशी रंजीतानं दार सताड उघडं ठेवलं. उर्वशी आली नाही. शेवटी रंजीताच जावेच्या दारात गेली.

“उर्वशीले देतं का थोडा वेळ?”

“काल तं उचल म्हणे!” दिव्यानीनं डोळे मोठे केले. मग पोरीला खाली सोडलं. “न्या. पण कडी नका लावू.”

उर्वशी गुडघे आपटत पुढं, रंजीता मागं. वाटीत मूठभर मुरमुरे टाकून तिनं ती स्वतः उर्वशीच्या हातात दिली, आणि नैतिककडे न बघता बाजूला सरून बसली.