आरशापुढची वेणी

"आज तुमीच आत ठेवा वेणी, मनकर्णाबाई. माह्यानं नाही होत," नत्थुजी म्हणाला आणि अकोल्याच्या त्या जुन्या नाटकगृहाच्या मागल्या दारातून मागे सरकला.

खेळाआधी रंगपटातल्या आरशापुढे एक वेणी ठेवायची, ही तिथली रीत. मानमोडीच्या साथीत त्या खोलीत मेलेली शालूतली एक बाई अजून सजायला येते, म्हणत. वेणी चुकली की भर खेळात दिवे विझतात. मनकर्णाबाई मळ्यातल्या फुलांची वेणी दारात आणून देई. आत ठेवायचं काम राखणदार नत्थुजीचं.

"काल माह्या मागून बोलली," तो हळूच म्हणाला. "मला वेणी, असं. अगदी पुण्याचं बोलनं."

"भुतालेबी पुण्याचं बोलनं लागते काय?" मनकर्णाबाई हसली, पण टोपली तिनं छातीशी ओढली.

नत्थुजी नवा होता, त्याला ठाऊक नव्हतं. त्या खोलीत मेलं ते एकच माणूस, आणि ती बाई नव्हती. नाटकात बायकांची कामं करणारा मनकर्णाबाईचा लेक गोवर्धन होता तो. पहिल्याच खेळात राणीच्या तोंडून 'मले' निसटलं आणि सारं नाटकगृह खदखदून हसलं. तेव्हापासून फुलं तोडता तोडता पोर घोकायचं, मला, मला. घाबरलं की मात्र जिभेवर 'मले'च यायचं. साथीत तो गेला. निरोप मळ्यात पोचेस्तोवर चिता विझली होती.

निदान लेकराचा जीव सुटला, एवढ्या आधारावर तिनं पुढचे दिवस काढले होते. आणि तो सुटलाच नसेल तर?

ती आत गेली. बाहेर ऊन होतं, खोलीत अंधार. रंगाचा आणि केसांच्या कुबट टोपांचा वास. आरशात न बघता तिनं वेणी ठेवली.

"मला वेणी," मागून कोणी म्हणालं. घोटवलेला, गोड आवाज.

तिचा जीव भांड्यात पडला. मला. म्हणजे आपला नव्हे. कोण्या परक्या माउलीचं लेकरू असेल. ती दाराकडे वळली.

 मग तोच आवाज, पण बारीक, कापरा.

"माय, मले..."

बाहेरून नत्थुजी हाका मारत होता.   मनकर्णाबाई आरशाकडे माघारी आली, वेणी दोन्ही हातांत घेतली आणि अंधारात वर धरली. त्याचं डोकं यायचं, तितक्या उंचीवर.